राखेनं न उजळलेलं भगुणं

अच्युतरावांनी ते भगुणं थोरल्या बहिणीच्या हाती दिलं तेव्हा दोनच गोष्टी बजावल्या. रोज त्यात चिंचेचं सार करायचं, आणि त्याला राख म्हणून लावायची नाही. पहिली गोष्ट नलिनीबाईंना पटली नाही आणि दुसरी कळली नाही. पण भाऊ एकुलता एक, त्यातून हट्टी, म्हणून त्यांनी दोन्हींना मान डोलावली.

अच्युतराव बीदरच्या शाळेत सायन्स शिकवत. हैदराबादेत राहून ते उर्दूतून शिकले होते, त्यामुळे घरी मराठी, बाजारात कानडी आणि प्रयोगातल्या तेजाबाशी, म्हणजे आम्लाशी, उर्दू अशी त्यांच्या जिभेची वाटणी झाली होती. शाळेतली जागा हंगामी होती. पुढल्या दिवाळीनंतर कायमचा माणूस येणार, हे हेडमास्तरांनी त्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं. निजामाच्या राज्यात दुसरी जागा वशिल्यावाचून मिळत नसे आणि यांचा वशिला म्हणाल तर चिटगुप्प्याच्या तहसिलीत पेशकार असलेले मेहुणे श्रीनिवासराव, ज्यांचं त्यांच्या स्वतःच्या शिपायापुढेही फारसं चालत नव्हतं. घरात बायको आणि दोन मुली. दुसरा कुणी असता तर अर्ज घेऊन दारोदार फिरला असता. अच्युतराव भांड्यांच्या मागे लागले.

भांडी जर्मनची. ॲल्युमिनियम हे नाव त्या मुलखात त्यांच्याखेरीज फार कुणाला ठाऊक नव्हतं. लोक त्या हलक्या पांढऱ्या धातूला जर्मन म्हणत. स्वस्त, उचलायला हलकं, कल्हईची कटकट नाही, म्हणून दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या त्या वर्षांत ते घरोघर शिरू लागलं होतं. खोड एकच होती. आंबट शिजवलं की भांडं काळवंडायचं, सारालाही कसलीशी चव यायची आणि काही वर्षांत बुडाला टाचणीएवढी भोकं पडायची. आणि त्या भागात आंबटावाचून घास उतरत नाही.

अच्युतराव सांगायचे, आणि ऐकणारा सापडला की सांगायचेच, की लोखंडाचा गंज लोखंडाला खातो, पण जर्मनचा गंज जर्मनला राखतो. दुधावर साय धरावी तसा हवेनं त्याच्यावर पापुद्रा धरतो, डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. आपल्या बायका काय करतात, रोज राख, चिंच आणि विटकरीची भुकटी घेऊन तोच पापुद्रा खरवडतात. भांडं लखलखतं, बाई खूश होते आणि धातू उघडा पडतो. तो पापुद्रा मुळातच जाड करून टाकला तर भांडं जन्माचं टिकेल. विलायतेत हे करतात, तर बीदरात का होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

शाळेच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी एका लाकडी पिंपाला आतून शिशाचा पत्रा ठोकला. पिंपात पाणी घातलेलं गंधकाचं तेजाब भरलं, मधे भगुणं टांगलं आणि मोटारसर्व्हिसच्या ड्रायव्हरकडून मागून आणलेल्या बॅटऱ्यांच्या तारा एकीकडे भगुण्याला, दुसरीकडे शिशाला जोडल्या. सुरुवातीची भांडी चाळणी होऊन निघाली. दोन धोतरं गेली, बायकोनं अबोला धरला. मग एकदाचं एक भगुणं नीट निघालं. ते त्यांनी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवलं, म्हणजे पापुद्र्यातली बारीक छिद्रं मिटतात, आणि बाहेर काढून उन्हात धरलं. राखाडी, किंचित पिवळट, चमक नावालाही नाही. अच्युतरावांना ते फार देखणं वाटलं.

ते घेऊन ते हैदराबादेला सोमशेखरप्पांकडे गेले. हे मूळचे हुमनाबादचे, हैदराबादेत त्यांचा जर्मनच्या भांड्यांचा कारखाना होता. सोमशेखरप्पांनी भगुणं टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, आज तर नवंच हाय. नव्याला कोन वाईट म्हणंल? या दसऱ्यापासून पुढल्या दसऱ्यापर्यंत यात आंबट सार शिजवा. बूड शाबूत राह्यलं तर हेच भगुणं घेऊन या. तुमच्या कामाला माझ्या कारखान्यात येगळी जागा करतो, पगारी." अच्युतरावांच्या मनात तेव्हापासून दिवाळी आणि दसरा हे दोनच दिवस राहिले. दसऱ्याला भगुणं तयार असलं तर दिवाळीनंतर घर चालणार होतं.

स्वतःच्या घरी ते ठेवता येईना, कारण बायकोचा अबोला. म्हणून ते चिटगुप्प्याला अक्काकडे आलं. नलिनीबाईंच्या सोवळ्याच्या चुलीवर जर्मन चालत नव्हतं. त्यांनी पडवीत वेगळी चूल मांडली आणि वर्षभर त्यावर सार केलं. श्रीनिवासराव वर्षभर ते सार जेवले आणि सासरच्या माणसांबद्दल जे बोलायचं ते वर्षभर बोलले.

दसऱ्याच्या सुटीत अच्युतराव बायकामुलींसह चिटगुप्प्याला उतरले. हातपाय धुतले आणि तडक पडवीत गेले. चुलीशेजारी पालथं घातलेलं भगुणं होतं. पांढरंशुभ्र, लखलखीत, तोंड पाहून घ्यावं असं.

"अक्का, हे कुणाचं?"

नलिनीबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहूनच अच्युतराव काय ते समजले, पण नेमकं काय झालं ते कळायला वेळ लागला.

शेजारच्या राजूबाईंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, बारसं आठ दिवसांपूर्वीचं. घर शेतकऱ्याचं, गोतावळा मोठा, बारशाला आमटीपुरतं भांडं कमी पडत होतं. राजूबाई मागायला आल्या आणि नेमकं पडवीतल्या भगुण्याकडे बोट करून म्हणाल्या, हे द्या. बारशाला भांडं नाही म्हणायची पद्धत त्या गावात नव्हती. नलिनीबाईंनी दिलं.

"राख लावू नका म्हणून सांगितली न्हाईस?"

"सांगितले ना. जसं हाय तसंच आणून द्या, घासू नका, म्हणून दोनदा सांगितले."

आता यात नलिनीबाईंची चूक काढायची तर कुठे काढायची? त्या भागात उसनं नेलेलं भांडं घासूनपुसून, आरशासारखं करून, वर त्यात मूठभर काहीतरी घालून परत करतात. देणारी म्हणते, नका घासू, जसं असेल तसं द्या. ते म्हणायचंच असतं. दोनदा म्हणाली तर घेणारीनं समजायचं की घर मानाचं आहे, आणि जरा जास्तच घासायचं. अच्युतरावांची सक्त ताकीद राजूबाईंच्या कानी पोचली ती असल्या लाडिक शिष्टाचाराच्या रूपात.

"मग हे घासून असं झालं?" अच्युतरावांनी भगुणं उचलून विचारलं. राखेनं पापुद्रा उतरतो, ही भीती त्यांना पहिल्यापासून होती.

"न्हाई रे," नलिनीबाई म्हणाल्या. "हे तुझं न्हाईच. मी लगेच ओळखले. पण तिनं काठोकाठ ज्वारी घालून आणलं, नमस्कार केला. काय बोलणार? आणि तुला कसं कळवणार, ते मला सुचंना."

अच्युतराव तसेच राजूबाईंच्या अंगणात गेले. राजूबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. मास्तर आलेले पाहून त्यांनी पदर सावरला, सूप बाजूला ठेवलं आणि कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तुमच्या भगुन्याहून बोटभर मोठंच आनलंय मास्तर. बगून घ्या."

"ते नवं कामून आणलाव, राजूबाई? आमचं कुठं हाय?"

राजूबाईंची मान खाली गेली. मग एकदा सुरुवात झाली तशी सगळंच आलं.

"आमच्या आमटीचा डाग पडला बगा त्याला. सगळंच काळवटलं, आत भाईर सारखं. सकाळपासनं घासाया बसले. राख लावले. चिंच लावले. विटकर कुटून घेतले. नारळाच्या शेंडीनं घासले, मंग रेती घेतले. जावेला बसविले, लेकीच्या सासूला बसविले. हाताची सालं निगाली पन डाग हलंना. बामनाच्या घरचं भांडं, आसं डागाळलेलं कसं देऊ माघारी? बाजारला हुमनाबादचा इरुपाक्ष मोड घेऊन भांडी देतो, त्याला ते देले आन वर भर घालून नवं घेतले. मालकाला बी सांगितले न्हाई मी."

अच्युतरावांनी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. राख किती वेळ? विटकर बारीक की जाडी? रेती लावली तेव्हा ओरखडा उठला का? राजूबाईंना वाटलं, मास्तर आपला गुन्हा जोखताहेत. त्या रडवेल्या होऊन उत्तरं देत राहिल्या. मास्तर मात्र उजळत चालले होते, कारण तो डाग नव्हताच, पापुद्र्याचाच राखाडी रंग होता. त्यांनी वर्षभर फक्त साराची परीक्षा ठेवली होती. राखेची परीक्षा घ्यायची त्यांची छाती झाली नसती. ती या तीन बायकांनी घेतली होती आणि पापुद्रा जिंकला होता. उभ्या जन्मात ते इतके खूश झाले नव्हते. मग त्यांना आठवलं की ते भगुणं आता मोडीत गेलेलं आहे, आणि त्यांनी हुमनाबादच्या मोटारीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ते हुमनाबादला गेले. विरुपाक्षाचं घर शोधायला त्रास पडला नाही, दारात भांड्यांचा ढीगच होता. विरुपाक्ष टोपलीला दोरी आवळत होता. मास्तरांनी काय हवं ते सांगताच त्यानं घरामागे नेलं. म्हशीच्या गोठ्याशी अच्युतरावांचं भगुणं पडलेलं होतं, आत पेंडीचं पाणी.

"मोडवाल्यानं घेतलं न्हाई अण्णा," विरुपाक्ष म्हणाला. "त्यानं कानस लावली. कानस घसरली. म्हनला, हे जर्मन न्हाईच, मला फसवायलास काय? मंग इकायला म्हनून बाजारात पुढं मांडलो. बाया उचलत्यात, अंगठा घासून बगत्यात आन ठिवत्यात. येक म्हातारी म्हनली, हे कुनाच्या मयताला पानी तापवलेलं हाय काय. मंग बायकोनं म्हशीला देली."

अच्युतरावांनी त्यातलं कानशीचं तेवढं ऐकलं. पेंडीचं पाणी ओतून त्यांनी बुडाला हात फिरवला, भगुणं उजेडाकडे धरून डोळा लावला. एक छिद्र नव्हतं, एक खड्डा नव्हता. विरुपाक्ष पैसे घेईना. म्हशीचं भांडं विकलं म्हणून लोक हसतील, असं त्याचं म्हणणं पडलं.

संध्याकाळी चिटगुप्प्याला परतून त्यांनी भगुणं धुतलं आणि हैदराबादेला न्यायला जुन्या धोतरात बांधू लागले. नलिनीबाई दिवा लावून आल्या, गाठोड्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखं त्यांचं हसणं होतं.

"घेऊन जा बाबा एकदाचं. आता सांगते तुला. गौरीच्या हळदीकुंकवाला माझ्या नणंदेनं हे उचलून सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. वैनी, घासायचं राह्यलं वाटतं, म्हणाली. सगळ्या बायका बघायल्या. माझी पितळी भांडी बघ त्या फळीवर, एकावर बोट ठेवायला जागा न्हाई. आणि याच्यापायी गावात मी घाण बाई झाले. तू फुकट दिलास तरी दुसरं घेणार न्हाई मी."

अच्युतरावांची गाठ मारता मारता थांबली. वर्षभर ते येत होते, भगुण्याचं बूड तपासत होते, सार चाखत होते. अक्काला काय वाटतं, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. ती कशी बोलून दाखवायची ते कळेना, म्हणून त्यांनी गाठ घट्ट केली आणि म्हणाले, "जागा मिळू दे अक्का. तुला पितळेची घागर आणतो."

"आधी जागा मिळव," नलिनीबाई म्हणाल्या.

सोमशेखरप्पांनी भगुणं पाहिलं, आणि नुसतं पाहून ते थांबले नाहीत. बुडाचा तुकडा कापवला, भिंग लावलं, कारखान्यातल्या जुन्या कारागिराला बोलावून दाखवलं. कारागिरानं तुकडा चाटून पाहिला, तोडून पाहिला, आणि पसंतीची मान डोलावली. अच्युतरावांनी राजूबाईंची राख सांगितली, विटकर सांगितली, मोडवाल्याची कानस सांगितली. सांगताना त्यांना धाप लागली.

"काम चोख हाय," सोमशेखरप्पा म्हणाले. "मी म्हनलो होतो, जागा करतो, तर करतो. येकच सांगा मास्तर. ज्या बाईनं हे वर्षभर वापरलं, ती पैसे देऊन दुसरं घेईल का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द बोलला की दिवाळीनंतरची काळजी मिटत होती, मुलींच्या शाळेची, घरभाड्याची, बायकोच्या अबोल्याची. कोण येणार होतं चिटगुप्प्याला खरंखोटं करायला? अच्युतरावांनी तोंड उघडलंही. पण मुलांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकायला लावलेली होती, की प्रयोगात जे दिसलं ते सांगायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. आणि अक्काचा पितळी भांड्यांकडे वळलेला हात त्यांना दिसत होता.

"न्हाई," ते म्हणाले. "ती म्हणाली, फुकट दिलं तरी घेणार नाही. आणि बाजारात मांडलं होतं, तिथंही कुणी घेतलं नाही."

सोमशेखरप्पांनी भिंग खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. चहा मागवला, तो येईपर्यंत हुमनाबादच्या पावसापाण्याची चौकशी केली आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुमच्या पापुद्र्यात खोट न्हाई मास्तर. पन मी भांडी बायांना इकतो, तेजाबाला न्हाई. जे उजळत न्हाई ते मी दुकानात कसं मांडू? कधी काळ बदलला तर या." अच्युतरावांनी त्यांना नमस्कार केला. कापलेलं भगुणं तिथंच राहिलं.

चिटगुप्प्याला मोटार पोचली तेव्हा दुपार कलली होती. बायको मुलींना घेऊन देवळात गेली होती. नलिनीबाई अंगणात तुळशीशी बसून वाती वळत होत्या. भावाच्या हातात गाठोडं नाही हे त्यांनी आधी पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"ठेवून घेतले? मग जागा देले म्हण की."

"काम चोख आहे म्हणाले." अच्युतराव पायरीवर बसले. "जागा दिली नाही."

मग त्यांनी जे झालं ते सांगितलं, शाळेत प्रयोग सांगतात तसं, आधी काय केलं, मग काय दिसलं, शेवटी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. नलिनीबाईंचे हात थांबले होते.

"मी म्हणाले तसंच्या तसं सांगितलास?"

"त्यांनी विचारलं अक्का. तू म्हणालीस ते खरं होतं. खोटं कसं सांगू?"

"खोटं कोण सांग म्हणतंय तुला?" नलिनीबाईंना एकदम राग आला, आणि रागाबरोबर डोळे भरून आले, त्यांनी दोन्ही लपवलं नाही. "तू मला विचारला होतास का, की जागेचा सवाल हाय, घेशील का म्हणून? विचारला असतास तर म्हटले असते, एक कशाला, धा घेते. सगळ्या घरात तीच ठेवते. नणंदेला काय बोलायचं ते बोलू दे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वर्षभर काय मला ते भगुणं आवडत होतं म्हणून चुलीवर ठेवत होते?"